अकरा परके पाहिजेत

फुटबॉलला बावीस माणसं लागतात हे कोणीही सांगेल. त्यांतली अकरा परकी लागतात, हे बुलढाण्यात संघ काढल्याशिवाय कळत नाही.

माणसांची वाण आमच्याकडे नाही. जिल्ह्याचं ठिकाण, कचेऱ्या भरपूर, म्हणजे रविवारी सकाळी मोकळी असणारी माणसंही भरपूर. आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी दर रविवारी फुटबॉल खेळायचं ठरवलं, निम्म्यांना पिवळे टी-शर्ट वाटले, निम्म्यांना निळे, आणि पहिली शिट्टी वाजल्यावर लक्षात आलं की मैदानावरचा एकही माणूस दुसऱ्याच्या अंगावर जायला मोकळा नाही. पिवळ्यांचा सेंटर फॉरवर्ड हा निळ्यांच्या बॅकचा साडू. निळ्यांचा गोलकीपर ज्या पतसंस्थेचं कर्ज फेडतोय, तिचे शाखाधिकारी पिवळ्यांच्या मधल्या फळीत. वायरमन कोणत्या बाजूने खेळतो याला तर महत्त्वच नव्हतं; उन्हाळा जवळ आला होता आणि दोन्ही बाजू त्यालाच पास देत होत्या.

मुळात आमचा आणि फुटबॉलचा संबंध काय, असं कोणी विचारेल. इथे कबड्डी आहे, कुस्ती आहे, क्रिकेट तर विचारूच नका. फुटबॉल आला तो परिपत्रकातून. २०१७ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात भरला. त्यातले काही सामने नवी मुंबईला होते आणि भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्याआधी, १५ सप्टेंबरला, राज्य सरकारने ‘मिशन वन मिलियन’ नावाचा कार्यक्रम काढला: एका दिवसात महाराष्ट्रातल्या दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळायचा. शाळाशाळांना चेंडू वाटले गेले. ज्यांनी आयुष्यात फुटबॉलला हातसुद्धा लावला नव्हता अशा गुरुजनांनी मुलांच्या रांगा केल्या, चेंडू मध्ये ठेवला, फोटो काढले आणि वर पाठवले. सोळा तारखेला मुलं क्रिकेटकडे परत गेली.

चेंडू मात्र राहिला. तो डेडस्टॉक रजिस्टरला चढला होता. त्या रजिस्टरात एकदा चढलेली वस्तू फुटू शकत नाही. फुटली तर तिचं निर्लेखन करावं लागतं, निर्लेखनाला समिती लागते, समितीला बैठक लागते आणि बैठकीला चहा. तेवढा चहा वाचवण्यासाठी चेंडू कपाटात ठेवला गेला. पुढे आमच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरला, जुन्या बाकांवर बसून फोटो झाले, सत्काराचे नारळ उरले, आणि कोणीतरी जुने हजेरीपट शोधायला कपाट उघडलं तेव्हा तो गडगडत बाहेर आला. गडगडत म्हणजे थोडासाच. हवा नव्हती.

त्याच मेळाव्यात आमच्यातल्या डॉक्टरांनी सर्वांच्या पोटांकडे एकदा सावकाश पाहून घेतलं आणि रोज चालायला सांगितलं. चालण्याचे प्रयोग बहुतेकांचे करून झाले होते. एकट्याने चाललं की कंटाळा येतो, आणि सोबत मिळाली की पहिल्या टपरीपलीकडे पाय जात नाही. चेंडू मागे लागला तर पळावंच लागेल, असा विचार निघाला. चेंडूने माणसाच्या मागे लागायचं नसतं, उलट असतं, ही बाब पुढे ध्यानात आली.

पहिला प्रश्न हवेचा. आमच्या बॅचचा एक जण पंक्चर काढतो. त्याच्याकडे पंप होता आणि फुटबॉलच्या भोकात जाणारी ती बारीक सुईही होती. तो कॅप्टन झाला. निवडणूक घ्यावी असा एक सूर निघाला होता, पण सुई खिशात टाकून तो घरी जायला निघाल्यावर सूर बदलला. आमच्याच जिल्ह्यात, जळगाव जामोदजवळच्या भेंडवळला, अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊसपाणी, पिकं आणि देशाच्या राजाची गादी यांचं भाकीत सांगतात. पानावरची सुपारी जागची हलली नाही तर गादी कायम. आमच्या कॅप्टनच्या गादीसाठी भेंडवळला जायची गरज पडलेली नाही. त्याची सुई हललेली नाही.

दुसरा प्रश्न, कोणी कुठे खेळायचं. इतर ठिकाणी हे माणसाचे पाय पाहून ठरवतात म्हणे. माजी विद्यार्थ्यांत दहावीचं साल पाहतात. ज्याचं साल सर्वांत जुनं तो सर्वांत पुढे, कारण प्रतिपक्षाच्या गोलजवळ उभं राहायचं असतं, सावली तिकडे बरी असते आणि ‘पास द्या रे’ एवढंच बोलायचं असतं. ज्यांना गुडघ्याचं ऑपरेशन सुचवलेलं आहे ते गोलमध्ये. नव्या बॅचची पोरं उरलेल्या मैदानात धावतात, चेंडू मिळवतात, आणि तो नेऊन वरच्या सालाकडे सुपूर्द करतात. त्यांतल्या एकाने एकदा स्वतःच गोल मारला. गोल चांगला होता, सगळ्यांनी तसं सांगितलंही. पण नंतर चहाच्या वेळी त्याला बाजूला घेऊन त्याच्या वडिलांची चौकशी करण्यात आली.

आणि सर. गणिताचे सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण तब्येत काटक. त्यांनी हौसेने खेळायची इच्छा दाखवली तेव्हा नाही कोण म्हणणार? सर उजव्या बगलेवर असतात. चेंडू त्यांच्याकडे आला की ते धावत नाहीत. छोट्या पावलांनी, चेंडू पुढे ढकलत, पेपर वाटत निघाल्याप्रमाणे येतात. अडवायला समोर जो उभा राहतो त्याच्याकडे चष्म्यावरून पाहतात. तो वकील असो की तहसीलमधला अव्वल कारकून असो, त्याच्या दोन्ही हातांची बोटं आपोआप मुठीत जातात, लाकडी पट्टी त्या बोटांना अजून आठवते. वाट मोकळी होते. सर गोलपर्यंत पोचतात. गोलकीपर एव्हाना अर्धा वाकलेला असतो. चेंडूसाठी की नमस्कारासाठी हे त्यालाही ठरवता आलेलं नसतं. सर चेंडू आत सरकवतात आणि म्हणतात, “आठवी ब ना रे तू?”

तलाठ्यांचं प्रकरण यापेक्षा नाजूक. त्यांच्या पायातून चेंडू काढणं अवघड नाही, दोन पोरं सहज काढू शकतील. पण ज्याच्या वाटणीचा फेरफार मंजूर व्हायचा आहे, त्याने कसा काढावा? असे चार जण तरी प्रतिपक्षात कायम असतात. परिणामी तलाठी दर रविवारी गोल करत. त्यांना वाटे, आपला खेळ सुधारतोय. त्यांनी नवे बूटही घेतले. एका रविवारी मात्र निळ्यांच्या बॅकने त्यांना असं आडवं केलं की नवे बूट आकाशाकडे झाले. चौकशी करता कळलं, बॅकने शनिवारी रात्री मोबाइलवर सातबारा काढून पाहिला होता. नाव चढलं होतं.

जावयाचा विषय तर निघूच नये. आमच्या एका गोलकीपरच्या दोन मुली. थोरलीचा नवरा गावातलाच आणि तो दुसऱ्या संघातून पुढे खेळतो. एरवी सासरेबुवा त्याचा दोनातला एक गोल अडवतात, एवढी मोकळीक घरातून आहे. पण अधिक महिना आला. अधिक महिन्यात जावयाला धोंड्याचं जेवण, अनारसे, कपडे, जमेल तसं चांदीचं काहीतरी, हे सगळं करायचं आणि रविवारी सकाळी त्याचा चेंडू मात्र अडवायचा? घरात मतभेद झाले. सासूबाईंनी निकाल दिला. त्या महिन्यात जावयाने इतके गोल केले की शेवटी त्यालाच लाज वाटून तो बॅकला जाऊन उभा राहिला.

ज्यांच्यापासून हा माजी विद्यार्थ्यांचा फुटबॉल सुरू झाला ते इंग्लंडातले लोक या बाबतीत मोकळे होते. इटनच्या शाळेचे माजी विद्यार्थी, ओल्ड इटोनियन्स, यांनी १८७९ आणि १८८२ साली चक्क एफए कप जिंकला. मधल्या १८८१ साली चार्टरहाउसच्या माजी विद्यार्थ्यांनी. ओल्ड इटोनियन्सचा लॉर्ड किनेर्ड हा लांब दाढीचा, पांढरी विजार घालून खेळणारा गृहस्थ. नऊ वेळा तो अंतिम सामना खेळला आणि १८८२ चा कप जिंकल्यावर प्रेक्षकांसमोर डोक्यावर उभा राहिला. त्याच्या घरच्या बाईंना काळजी, हा एखाद दिवशी पाय मोडून घरी येईल. त्यावर त्याचा एक सोबती म्हणाला म्हणे, येईल खरा, पण तो पाय त्याचा स्वतःचा नसेल.

हे बोलणं लंडनमध्ये शोभतं. बुलढाण्यात कोणाचा पाय मोडला तर संध्याकाळी त्याला पाहायला आमच्याच घरची मंडळी जाणार, मोसंबी आम्हालाच न्यावी लागणार, आणि प्लास्टर निघेपर्यंत त्याची गाडी कोणी चालवायची हाही प्रश्न आमच्याच अंगावर. एवढा खर्च करून चेंडू कोण हिसकावतो?

त्या इटनवाल्यांचंही पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. १८८३ च्या अंतिम सामन्यात त्यांच्यासमोर लँकेशायरमधल्या ब्लॅकबर्न ऑलिम्पिक नावाच्या संघातून विणकर, सूतगिरणीतले कामगार, नळ बसवणारा असली माणसं आली. त्यांना लॉर्डसाहेबांकडून कसलाच फेरफार मंजूर करून घ्यायचा नव्हता. जादा वेळेत त्यांनी दोन-एकने सामना मारला. त्यानंतर माजी विद्यार्थ्यांच्या कोणत्याच संघाला तो कप आजवर मिळालेला नाही. परकी माणसं खेळात आली की असं होतं. पण खेळही तेव्हाच होतो, हे आमच्या पोरांचं म्हणणं, आणि पोरं धावतात म्हणून त्यांचं थोडं ऐकावं लागतं.

रविवार हाही तिकडे वादाचा विषय होता. रविवारच्या फुटबॉलला तिथल्या फुटबॉल असोसिएशनची मान्यताच नव्हती, ती १९६० च्या सुमारास मिळाली. पूर्व लंडनच्या हॅकनी मार्शेसवर, महायुद्धात बॉम्बनी पाडलेल्या घरांची भर टाकून केलेल्या मैदानांवर, दर रविवारी शेकड्यांनी हौशी लोक खेळत. आमच्या रविवारला असोसिएशन नको. बंदी घालायला घरची मंडळी समर्थ आहेत. सातला खेळायला जायचं, साडेनऊला भाजीची पिशवी भरून परत. म्हणून आम्ही रिकाम्या पिशव्या बरोबरच आणतो आणि त्यांत दगड घालून गोलचे खांब करतो. गोलची रुंदी नियमाने ७.३२ मीटर. आमची रुंदी गोलकीपर कोण, यावर असते. गुडघे फारच गेलेले असले तर पिशव्या जवळ येतात. एकदा ऐन सामन्यात घरून फोन आल्यामुळे डावा खांब उठून मेथी आणायला गेला होता.

मैदानाच्या हद्दीचं तर बोलू नका. ज्या माणसांनी वीतभर बांधासाठी चुलत्याशी तीन तारखा भांडून काढल्या आहेत, त्यांना चेंडू रेषेबाहेर गेला हे कोण पटवणार? आमच्यात भूमी अभिलेखचा एक भूकरमापक आहे. तो सरळ माणूस. त्याला पंचांनी ऑफसाइड विचारलं की तो म्हणतो, “हद्द कायम केल्याशिवाय मला सांगता येणार नाही. अर्ज करा. नियमित पाहिजे की द्रुतगती?” लगतधारकांना नोटीस काढावी लागेल, असंही तो एकदा गंभीरपणे म्हणाला होता. लगतधारक म्हणजे शेजारच्या पट्ट्यात क्रिकेट खेळणारी पोरं.

बरं, हे वर्षभर चालतं असंही नाही. मृगाचा पाऊस झाला की अर्धा संघ पेरणीला. आता जुलैत रान चिकट, माती बुटाला धरते आणि चेंडूलाही. चेंडूचं वजन ४१० ते ४५० ग्रॅम असावं असा नियम आहे. आमच्या जुलैतल्या चेंडूचं वजन कोणी केलेलं नाही, पण डोक्याने चेंडू मारायची पद्धत आमच्याकडे एका जुलैत जी बंद पडली ती पडलीच. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी, की उरलेला संघ शेतात. मळणीयंत्राची पाळी कोणाची यावरून त्या महिन्यात जे बोलणं होतं ते फुटबॉलच्या मैदानावर झालं असतं तर लाल कार्डं पुरली नसती. मग कापूस, मग तूर, मग लग्नं.

शिवाय वारी. शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला निघते, तिच्याबरोबर आमचा लेफ्ट बॅक दर वर्षी जातो. महिनाभर पायी. पालखी परत येते तीही पायी. एवढं चालणारा हा माणूस मैदानात एकदा पुढे गेला की मागे येत नाही. त्याला कोणी बोललं तर तो शांतपणे म्हणतो, “तिथं मागे यायला विठोबा सांगते. इथं कोन सांगते?” आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात २०१९ साली यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून एक वाघ चालत आला होता. गळ्यात कॉलर होती म्हणून कळलं, सगळी भटकंती धरून तो तीन हजार किलोमीटरहून जास्त चालला. बातमी आली तेव्हा आमच्या कॅप्टनने लेफ्ट बॅकला कॉलर बसवता येईल का अशी चौकशी केली होती.

परक्यांचा शोध आम्ही मनावर घेतला तो आमच्यातला एक जण कोल्हापूरहून बदली होऊन आल्यावर. तो काय काय सांगे! तिथे शाहू स्टेडियम आहे. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब, एकेक संघ पेठेचा, तालमीचा. जन्माला आलेल्या पोराचा संघ ठरलेला, म्हणजे कोणाला हरवायचं तेही ठरलेलं. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉल कसा पोसला हे ऐकताना आमच्या पोरांचे डोळे चमकले. आपणही गावाचे तुकडे करू, असं ठरलं. पेठा नव्हत्या, प्रभाग होते. प्रभागवार संघ करताच चार दिवसांत दोन्ही कॅप्टनांचे शुभेच्छा फलक चौकात लागले. एकाच्या फलकावर चेंडू छापायचा राहून गेला होता. दुसऱ्या रविवारी एका संघाने प्रतिपक्षाच्या खेळाडूंची यादी मागितली ती मतदार क्रमांकासह. ते प्रकरण आम्ही तिथेच गुंडाळलं.

तेव्हा कोणाला तरी घाट आठवला.

हा जिल्हा अजिंठ्याच्या डोंगराने आडवा चिरलेला आहे. बुलढाणा, चिखली, मेहकर हे घाटावर. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव घाटाखाली. घाटाखालच्यांना रेल्वे आहे, आम्हाला हवा आहे. मे महिन्यात ते आमच्या हवेवर जळतात, उरलेले अकरा महिने आम्ही त्यांच्या रेल्वेवर. बोलीत फरक, जेवणात तिखटाचा फरक. परके म्हणतात ते यांनाच, इतकी वर्षं पायथ्याशी बसलेत आणि आम्ही लंडनच्या गोष्टी करतोय! मलकापूरकडच्या एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना निरोप गेला. त्यांनी होकार कळवला. त्यात एक ओळ अशी होती की, तुमच्या हवेत आम्हाला सर्दी होते, तेव्हा सामना उशिरा ठेवावा. वैर सुरू झालं होतं. आम्ही खूश.

राजूर घाट चढून त्यांची काळीपिवळी आली. सगळे एका रंगात, पाठीवर आकडे. आम्ही त्यांच्याकडे टक लावून पाहत होतो. एकही तोंड ओळखीचं नाही! पंच म्हणून आमचे पीटीचे सर. नियमाने सात माणसं असली तरी सामना सुरू करता येतो, पण त्या दिवशी आमचे चौदा आले होते.

पहिली दहा मिनिटं बुलढाण्यात फुटबॉल झाला. मी खोटं सांगत नाही. कोपर लागलं, दोघे पडले, आमच्या जुन्या सालातला एक जण धावला. तलाठ्यांच्या पायातून चेंडू कोणी तरी फटकन काढून नेला आणि तलाठी त्या पायाकडे बराच वेळ बघत राहिले. सरांच्या समोर त्यांचा एक पोरगा आला, चष्म्यावरच्या नजरेचा त्याच्यावर काही परिणाम झाला नाही, त्याने चेंडू घेतला आणि गेला. सर म्हणाले, “वा!” त्यांना कोणी तरी पहिल्यांदाच उत्तर बरोबर दिलं होतं.

मग चेंडू बाहेर गेला. थ्रो-इन त्यांचा. चेंडू काट्यांतून काढेपर्यंत वेळ होता, आणि रिकाम्या वेळात वऱ्हाडातली दोन माणसं गप्प उभी राहूच शकत नाहीत. आमच्या लेफ्ट बॅकने विचारलं, “गाव कोनतं म्हनाले?”

“मलकापूर.”

“ते झालं रायन्याचं. मूळ?”

“मूळ धामणगाव बढे.”

लेफ्ट बॅकने कमरेवरचे हात काढले. “धामणगाव बढे? शाळेमागचा वाडा तुमचा काय?”

“वाडा मोठ्या काकाचा. आमचं घर त्याच्या बाजूले.”

“मंग तुमच्या मोठ्या काकू आमच्या मामीच्या सख्ख्या बहीन न! तुम्ही आमचेच न बाप्पा!”

इथून पुढे जे झालं त्याला कोणीच थांबवू शकलं नसतं. आग लागावी तशी सोयरीक मधल्या फळीत पसरली. त्यांचा स्टॉपर आमच्या वायरमनच्या चुलतसासऱ्यांकडे शिकायला होता. त्यांचे दोघे आमच्या डॉक्टरांच्या वडिलांचे पेशंट. मध्यंतरापर्यंत नात्याचा धागा न सापडलेला त्यांचा एकच खेळाडू उरला होता, तो बिचारा बदलीवर आलेला नागपूरकर. चेंडू त्याच्याकडे गेला की दोन्ही संघ त्याच्यावर तुटून पडत.

मध्यंतरानंतर पाठीवर दहा नंबर घातलेल्या त्यांच्या कॅप्टनने सहज बोलता बोलता सांगितलं, भाचा पुण्याला कंपनीत आहे, बहीण मुलगी पाहतेय. हे ऐकणारा आमचा गोलकीपर. तोच, दोन मुलींचा. थोरलीचं झालं. धाकटी एम. एस्सी. त्याच्या हातात त्या वेळी चेंडू होता आणि तो त्याने तसाच धरून ठेवला. “पॅकेज किती म्हणाले?”

गोलकीपरने आठ सेकंदांपेक्षा जास्त वेळ चेंडू हातात ठेवला तर प्रतिपक्षाला कॉर्नर द्यायचा, असा नियम २०२५ पासून झालेला आहे. पीटीचे सर निवृत्त झाले तरी नियम वाचतात. त्यांनी हात वर करून मोजायला सुरुवात केली. पॅकेज झालं, भावंडं झाली, शेती किती, पाण्याखाली किती, हे झालं. आठ केव्हाच संपले होते, तरी सर सभ्यपणे थांबले. मंगळ आहे काय, इथे गाडी आल्यावर त्यांनी शिट्टी मारली. कॉर्नर.

कॉर्नर आला आणि थेट आमच्या भूकरमापकाच्या हातावर. तो हद्दीकडे पाहत उभा होता. पेनल्टी.

अकरा मीटरवर चेंडू ठेवला गेला. मारणार कोण? त्यांच्यातला वडीलधारा, म्हणजे कॅप्टन, म्हणजे मुलाचा मामा. अडवणार मुलीचे वडील. मैदान एकदम गंभीर झालं. अडवला तर मुलाकडच्यांचा पहिल्याच भेटीत अपमान. सोडला तर, ‘मुलीकडचे पडतं घेतात’ असा निरोप घाटाखाली जाणार आणि देण्याघेण्याच्या बैठकीत त्याचा उपयोग होणार. मामांचीही कोंडी निराळी नव्हती.

“मारा न भाऊ,” गोलकीपर म्हणाला.

“तुम्ही अडवत असान तर मारतो.”

“छे, छे. तुम्ही पाहुने.”

“म्हनूनच म्हनतो. पाहुन्यानं पयल्याच दिवशी...”

आमचे वकील पुढे आले आणि त्यांनी पेनल्टीला अंतरिम स्थगिती मागितली. पीटीचे सर शिट्टी तोंडात धरून उभे होते. शेवटी त्यांनी ती काढली आणि विचारलं, “मुलीची उंची किती?” मुलगा त्यांच्याकडे खो-खो शिकायला सुटीत यायचा, असं निघालं.

रोडगे गोवऱ्यांत भाजून तयारच होते. वरण झालं, वांग्याची भाजी झाली, घाटाखालच्यांनी आमच्या तिखटाला नावं ठेवली, आम्ही ती पाहुण्यांची म्हणून ऐकून घेतली. सामना शून्य-शून्यवर थांबवल्याची नोंद कॅप्टनने वहीत केली आणि चेंडूतली हवा काढून सुई खिशात टाकली. पेनल्टी पुढच्या सामन्यात घ्यायची आहे. तो सामना घाटाखाली आहे आणि तारीख मुलाकडचे कळवणार आहेत.